रीसलिंग : बाटली निवडताना, उघडताना आणि मुरवताना

सुगंधी पांढऱ्या द्राक्षांमध्ये रीसलिंगइतकी वेगवेगळी रूपे घेणारे वाण क्वचितच आढळते. याच द्राक्षापासून जेमतेम आठ टक्के अल्कोहोलची हलकी, किंचित गोड वाइन तयार होते, तेरा टक्क्यांची कोरडी ठणठणीत वाइनही तयार होते आणि मधासारखी दाट, घोटाघोटाने चाखावी अशी मिष्टान्नासोबतची वाइनही तयार होते. त्यामुळे केवळ ‘रीसलिंग’ एवढे नाव वाचून बाटली घेणाऱ्याची फसगत होण्याची शक्यता मोठी असते. गोड वाइन नको असणाऱ्याच्या हाती गोड बाटली पडते आणि गोड हवी असणाऱ्याच्या जिभेला आंबटपणा झोंबतो. बाटली निवडण्यापासून उरलेली वाइन जपण्यापर्यंतचा क्रम पुढे दिला आहे, आणि या सगळ्या क्रमात एकच गोष्ट वारंवार समोर येईल, ती म्हणजे या द्राक्षाची आम्लता. गोडी किती जाणवेल, वाइन किती थंड द्यावी, कोणत्या पदार्थाबरोबर द्यावी आणि किती वर्षे ठेवावी, या चारही प्रश्नांची उत्तरे बहुतांशी तिच्यावरच अवलंबून असतात.

द्राक्षाची ओळख

रीसलिंग हे जर्मनीतील ऱ्हाइन नदीच्या परिसरातले वाण आहे. त्याची सर्वात जुनी ज्ञात नोंद १३ मार्च १४३५ची असून ती रुसेल्सहाइम येथे काट्सेनएल्नबोगेनच्या सरदाराच्या हिशेबात, वेलींच्या खरेदीच्या रूपाने सापडते. जनुकीय तपासणीवरून ‘ग्वे ब्लांक’ हे मध्ययुगात युरोपभर पसरलेले साधे वाण त्याच्या जनकांपैकी एक असल्याचे स्पष्ट झाले आहे. आजही जगातली सर्वाधिक रीसलिंग जर्मनीतच पिकते. त्याखेरीज फ्रान्समधला आल्सास, ऑस्ट्रियातील डॅन्यूबकाठचा प्रदेश, ऑस्ट्रेलियातील क्लेअर व ईडन ही खोरी आणि अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याचा फिंगर लेक्स परिसर ही तिची प्रमुख ठिकाणे आहेत. खरेदी करताना एक खबरदारी घ्यावी. मध्य व पूर्व युरोपात ‘वेल्शरीसलिंग’ नावाचे एक द्राक्ष मोठ्या प्रमाणावर पिकते. नावात साम्य असले तरी त्याचे रीसलिंगशी कोणतेही नाते नाही.

या वेलीचे लाकूड कठीण असल्यामुळे ती हिवाळ्यातील कडाका चांगला सोसते. द्राक्षे लहान असतात, घड दाट असतो आणि फळ उशिरा पिकते. जर्मनीतील मोझेल नदीच्या खोऱ्यात तोडणी ऑक्टोबरमध्ये आणि कधीकधी नोव्हेंबरमध्येही चालते. थंड रात्रींमध्ये फळातील आम्ल टिकून राहते आणि दीर्घ, मंद शरद ऋतूत गंध तयार व्हायला वेळ मिळतो. उष्ण प्रदेशात हेच द्राक्ष झटपट पिकते, साखर भराभर चढते आणि गंध मात्र अपुरा राहतो. म्हणूनच रीसलिंगचे नावाजलेले मळे थंड हवेत, नदीकडे उतरणाऱ्या सूर्याभिमुख चढांवर किंवा उंचीवर आढळतात. मोझेलकाठचा ब्रेमर काल्मोंट हा मळा काही ठिकाणी सुमारे ६५ अंशांचा चढ असलेला आहे, आणि तिथली पाटीच्या दगडाची जमीन दिवसभराची उष्णता साठवून रात्री वेलींना परत देते.

तरुण रीसलिंगमध्ये लिंबू, हिरवे सफरचंद, पीच, जर्दाळू आणि पांढऱ्या फुलांचा गंध येतो. यामागे लिनालूल, जेरॅनिऑल यांसारखी टर्पीन गटातील संयुगे असतात. मस्कात जातीच्या द्राक्षांत ती याहून पुष्कळ अधिक असतात, त्यामुळे मस्कातची वाइन थेट द्राक्षासारखीच दरवळते. रीसलिंगमध्ये ती बेताने असतात आणि त्यांतील बराच भाग साखरेच्या रेणूंना जोडलेला, म्हणजे वास न येणाऱ्या स्वरूपात दडलेला असतो. आम्लाच्या सान्निध्यात तो हळूहळू सुटा होत जातो. हा साठा असल्यामुळेच रीसलिंगचा गंध बाटलीत बदलत राहतो. मातीचा थेट गंध वाइनमध्ये उतरतो असे म्हणणे शास्त्रीय दृष्ट्या कठीण आहे, तरीही ओल्या पाटीसारखा जो वास मोझेलच्या वाइनमध्ये अनेकांना जाणवतो तो नाकारण्यातही अर्थ नाही. त्याचे कारण काहीही असो, चाखणाऱ्याला तो ओळखू येतो.

वाइन तयार करणारेही या गंधाला सहसा हात लावत नाहीत. किण्वन कमी तापमानावर होते आणि आम्लता मृदू करणारे दुय्यम किण्वन बहुधा टाळले जाते. ओकचे नवे पिंप वापरल्यास व्हॅनिला व भाजक्या लाकडाचा वास द्राक्षावर कुरघोडी करतो, म्हणून पोलादी टाकी किंवा जुने मोठे पिंप पसंत केले जाते. मोझेलमध्ये अशा पारंपरिक पिंपाला ‘फूडर’ म्हणतात आणि त्यात सुमारे १,००० लिटर वाइन मावते.

पहिली पायरी : लेबलवरून गोडीचा अंदाज घेणे

या पायरीला सर्वाधिक वेळ द्यावा, कारण पुढचे सर्व निर्णय तिच्यावर उभे राहतात.

सर्वप्रथम अल्कोहोलचा आकडा पाहावा. द्राक्षरसातील दर लिटरमागे सुमारे १७ ग्रॅम साखर आंबली की एक टक्का अल्कोहोल तयार होते. एखाद्या रसातील सगळी साखर आंबून ११ टक्के अल्कोहोल झाले असते, पण किण्वन ८ टक्क्यांवर थांबवले, तर तीन टक्क्यांएवढी, म्हणजे दर लिटरला ५० ग्रॅमच्या आसपास साखर वाइनमध्ये उरते. यावरून व्यवहारात उपयोगी पडणारा एक ठोकताळा मिळतो. सात ते नऊ टक्क्यांची रीसलिंग जवळजवळ नक्कीच गोड असते, साडेअकरा टक्क्यांपासून पुढची बहुतेक वेळा कोरडी असते आणि मधल्या पट्ट्यात मात्र लेबलवरचे शब्द वाचावे लागतात.

जर्मन लेबलवर ‘ट्रोकेन’ असे लिहिले असेल तर वाइन कोरडी आहे. कायद्याने अशा वाइनमध्ये दर लिटरला ४ ग्रॅमपर्यंत साखर चालते, आणि साखर आम्लापेक्षा दोन ग्रॅमहून अधिक जास्त नसेल तर ही मर्यादा ९ ग्रॅमपर्यंत जाते. म्हणजे आम्ल ६ ग्रॅम असल्यास साखर ८ ग्रॅमपर्यंत, आणि ७ ग्रॅम असल्यास ९ ग्रॅमपर्यंत चालते. ‘हाल्बट्रोकेन’ म्हणजे अर्धकोरडी. तिच्यातील साखर १८ ग्रॅमपर्यंत असू शकते. ‘फाइनहेर्ब’ या शब्दाला कायद्याची व्याख्या नाही. उत्पादक तो साधारणतः अर्धकोरड्या किंवा त्याहून थोड्या गोड वाइनसाठी वापरतात, त्यामुळे तिथे पुन्हा अल्कोहोलच्या आकड्याचाच आधार घ्यावा.

काबिनेट, श्पेटलेजे, आउसलेजे, बेरेनआउसलेजे आणि ट्रोकेनबेरेनआउसलेजे या चढत्या श्रेणींबद्दल मोठा गैरसमज आहे. १९७१च्या जर्मन वाइन कायद्याने निश्चित केलेल्या या श्रेणी तोडणीच्या वेळी रसात किती साखर होती हे सांगतात, बाटलीत किती उरली हे सांगत नाहीत. त्यामुळे ‘श्पेटलेजे ट्रोकेन’ ही वाइन पूर्ण कोरडी असू शकते, आणि नुसते ‘श्पेटलेजे’ लिहिलेली बहुधा गोड असते. श्पेटलेजे म्हणजे उशिरा तोडलेली. राइनगाऊमधील श्लॉस योहानिसबर्ग येथे १७२० साली रीसलिंगची मोठी लागवड झाली, आणि १७७५ साली तोडणीची परवानगी आणणारा दूत उशिरा पोहोचल्यामुळे कुजू लागलेल्या द्राक्षांपासून केलेली वाइन अनपेक्षितपणे उत्कृष्ट निघाली, अशी या श्रेणीमागची परंपरा सांगितली जाते. ती द्राक्षे ज्या बुरशीने कुजू लागली होती ती म्हणजे बोट्रायटिस. पहाटेचे धुके आणि दुपारचे ऊन लाभले तर ती द्राक्षाची साल सच्छिद्र करते, पाणी उडून जाते, आणि साखर व आम्ल दोन्ही घट्ट होतात. शेवटच्या दोन श्रेणींच्या वाइन सहसा अशाच द्राक्षांपासून होतात. आइसवाइनची गोष्ट निराळी आहे. तिच्यासाठी द्राक्षे वेलीवरच गोठू देतात आणि जर्मनीत उणे ७ अंश सेल्सिअस किंवा त्याखालील तापमानात ती तोडून गोठलेलीच पिळतात. बर्फ मागे राहतो आणि दाट रस निघतो. तिच्यात बुरशीचा मधाळ गंध नसतो, पण आम्लाची धार विलक्षण असते.

जर्मनीतील उच्च दर्जाच्या कोरड्या वाइनसाठी ‘ग्रोसेस गेवेक्स’ ही संज्ञा आहे. व्हीडीपी या उत्पादक संघटनेचे सदस्य आपल्या सर्वोत्तम मळ्यांतील कोरड्या वाइनला ती लावतात आणि बाटलीवर ‘जीजी’ ही अक्षरे दिसतात.

इतर देशांतील लेबले त्या मानाने सोपी आहेत. ऑस्ट्रियातील वाखाऊमध्ये तीन नावे लक्षात ठेवावीत. श्टाइनफेडर सर्वात हलकी, साडेअकरा टक्क्यांपर्यंतची असते. फेडरश्पील साडेअकरा ते साडेबारा टक्क्यांची असते आणि स्मारागड साडेबारा टक्क्यांपासून पुढची, भरदार असते. तिन्ही कोरड्या असतात. ऑस्ट्रेलियाची क्लेअर आणि ईडन येथील रीसलिंगही बहुतेक कोरडीच असते आणि तिचा लिंबाचा गंध चटकन ओळखता येतो. आल्सासमध्ये पूर्वी कोरडी की गोड हे बाटली उघडल्यावरच कळायचे. आता लेबलवर ‘सेक’ (कोरडी), ‘दमी-सेक’ (अर्धकोरडी), ‘मोएल्यो’ (गोडसर) किंवा ‘दू’ (गोड) यांपैकी एक शब्द छापला जातो, आणि ग्राहकाच्या दृष्टीने हा बदल फार उशिरा झाला असे म्हणावे लागेल.

काही बाटल्यांच्या मागील लेबलवर, विशेषतः अमेरिकेतील, कोरडी ते गोड अशी एक आडवी पट्टी दिसते. इंटरनॅशनल रीसलिंग फाउंडेशनने ती तयार केली आहे आणि तिच्यामागील हिशेब शिकण्यासारखा आहे. तिच्यात साखरेला आम्लाने भागले जाते. भागाकार १ च्या आत असेल तर वाइन कोरडी, १ ते २ असेल तर मध्यम कोरडी, त्यापुढे ४ पर्यंत मध्यम गोड आणि त्याहून अधिक असेल तर गोड. वाइनचा पीएच (आम्लतेचे माप, तो जितका कमी तितकी वाइन अधिक आम्ल) ३.३ किंवा त्याहून जास्त असेल, तर ती एक पायरी गोडीकडे सरकते. उदाहरणार्थ, दोन वाइनमध्ये दर लिटरला १८ ग्रॅमच साखर आहे, पण एकीत आम्ल ९ ग्रॅम आणि दुसरीत ६ ग्रॅम आहे. पहिलीचा भागाकार २ येतो, म्हणून ती मध्यम कोरडी, तर दुसरीचा ३ येतो, म्हणून ती मध्यम गोड लागते. उत्पादकाच्या माहितीपत्रकात हे दोन आकडे मिळत असतील तर हा भागाकार स्वतःच करून पाहावा. साखरेचा एकटा आकडा पाहून वाइन नाकारणारे लोक अनेकदा उत्तम बाटलीला मुकतात.

दुसरी पायरी : तापमान साधणे

थंडीमुळे गंध दबतो, गोडी कमी जाणवते आणि आंबटपणा व कडवटपणा पुढे येतो. या एका नियमावरून सर्व तापमाने ठरवता येतात. हलकी, किंचित गोड काबिनेट आणि साधी तरुण कोरडी रीसलिंग ८ ते १० अंश सेल्सिअसवर द्यावी. जीजी, स्मारागड किंवा आल्सासची भरदार कोरडी वाइन १० ते १२ अंशांवर खुलते. फार थंड दिली तर तिचे आम्ल तेवढे टोचते आणि ज्यासाठी तिची किंमत मोजली तो गंध पेल्याच्या तळाशीच राहतो. दाट गोड वाइन ७ ते ९ अंशांवर द्यावी, म्हणजे गोडी आवरलेली राहते. मुरलेली जुनी वाइन, मग ती गोड असो वा कोरडी, १२ अंशांच्या आसपास ठेवावी.

खोलीच्या तापमानाची बाटली फ्रिजमध्ये पुरेशी थंड व्हायला दोन तासांहून अधिक वेळ लागतो. घाई असल्यास बादलीत बर्फ आणि पाणी निम्मे निम्मे घेऊन, त्यात मूठभर मीठ टाकून बाटली मानेपर्यंत बुडवावी. साधारण वीस मिनिटांत काम होते. नुसत्या बर्फात ठेवल्यास बाटलीभोवती हवेच्या पोकळ्या राहतात आणि तिला गार व्हायला उलट जास्त वेळ लागतो. पेल्यात ओतलेली वाइन उबदार खोलीत भराभर तापते, म्हणून हव्या त्या तापमानापेक्षा एक-दोन अंश थंड असतानाच ओतायला सुरुवात करावी. बाटली पूर्ण वेळ बर्फात ठेवण्याची पद्धत रीसलिंगला मानवत नाही. पहिला पेला ओतल्यावर ती बाहेर काढून ठेवावी आणि गरजेनुसार पुन्हा बुडवावी.

तिसरी पायरी : उघडणे, पाहणे, ओतणे

मध्यम आकाराचा, वर किंचित निमुळता होणारा पेला घ्यावा. फार रुंद पेल्यात नाजूक गंध पांगतो, फार अरुंद पेल्यात तो कोंडतो. पेल्याला साबणाचा किंवा कपाटाचा वास नसावा आणि तो एक तृतीयांशाहून अधिक भरू नये.

बाटली उघडल्यावर काही गोष्टी पाहून विनाकारण घाबरायला होते. बुचाच्या आतल्या टोकाला किंवा तळाशी काचेच्या चुऱ्यासारखे स्फटिक दिसले तर ते टार्टरिक आम्लाचे क्षार आहेत. त्यांना चव नसते, अपाय नसतो, आणि आम्लसंपन्न वाइन थंडीत राहिल्याची ती खूण आहे. तरुण वाइन ओतताना बारीक बुडबुडे दिसले आणि जिभेला हलकी चुणचुण लागली, तर किण्वनातला थोडा कार्बन डायऑक्साइड शिल्लक आहे असे समजावे. मोझेलच्या नव्या वाइनमध्ये हे नेहमीच आढळते. विझलेल्या काडीसारखा वास येत असेल तर तो गंधकाचा असतो. नैसर्गिक यीस्टवर आंबवलेल्या नव्या रीसलिंगमध्ये तो वारंवार येतो. अशी वाइन काचेच्या सुरईत ओतून अर्धा ते एक तास ठेवावी, बहुधा तो निघून जातो. ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास मात्र बुचाच्या दोषाचा असतो आणि तो हवा दिल्याने जात नाही, अशी बाटली परत करावी.

तरुण आणि भरदार कोरड्या वाइनलाही सुरईचा फायदा होतो, विशेषतः ती बंद, अबोल वाटत असेल तर. जुन्या बाटलीबाबत याच्या नेमके उलट वागावे, त्याबद्दल पुढे येईल.

चौथी पायरी : पदार्थाशी जोडी

इथेही आम्लतेचाच आधार घ्यावा. कोरडी रीसलिंग तेलकट मासे, धुरावलेले मासे, डुकराचे मांस, बदक, मलईदार सॉस अशा स्निग्ध पदार्थांबरोबर उत्तम जाते, कारण प्रत्येक घोटाने तोंड स्वच्छ होते. आल्सासमध्ये आंबवलेल्या कोबीबरोबर मांस खाण्याची जुनी पद्धत आहे आणि तिथली कोरडी रीसलिंग या जोडीत चपखल बसते, कारण पदार्थ स्वतःच आंबट असताना कमी आम्लाची वाइन त्यापुढे पाणचट लागते.

तिखट पदार्थांसाठी किंचित गोड, कमी अल्कोहोलची रीसलिंग निवडावी. अल्कोहोल मिरचीची आग भडकवते, तर साखर ती शमवते. तिखट जेवणाबरोबर चौदा टक्क्यांची दणकट पांढरी वाइन देण्यापेक्षा नऊ टक्क्यांची काबिनेट देणे कधीही शहाणपणाचे. मिष्टान्नाबाबत मात्र एकच कसोटी आहे, वाइन पदार्थाइतकी तरी गोड हवी. आउसलेजे फळांच्या माफक गोड पदार्थांबरोबर चालते, पण भरपूर साखरेच्या पदार्थासमोर ती आंबट लागते. ट्रोकेनबेरेनआउसलेजे तर पदार्थाविना एकटीच द्यावी, किंवा फार तर निळ्या बुरशीच्या खारट चीजबरोबर.

पाचवी पायरी : कोणती बाटली ठेवायची हे ठरवणे

पांढरी वाइन लगेच संपवायची असते, या समजाला रीसलिंग हा सर्वात ठळक अपवाद आहे. लाल वाइनला सालीतील टॅनिन हे तुरट द्रव्य तारते. रीसलिंगमध्ये ते नगण्य असते आणि तिची राखण आम्लता करते. तिचा पीएच बहुधा ३ च्या आसपास असतो. वाइनला प्राणवायू व जंतूंपासून वाचवण्यासाठी गंधकाचा डायऑक्साइड वापरतात आणि त्याचा परिणामकारक भाग पीएचवर ठरतो. पीएच ३.० असताना मुक्त गंधकापैकी सुमारे ६ टक्के भाग जंतूंना रोखणाऱ्या रूपात असतो, पीएच ३.५ झाला की तो २ टक्क्यांवर येतो. म्हणजे तेवढेच गंधक वापरूनही अधिक आम्लाची वाइन जवळजवळ तिप्पट संरक्षित राहते. त्यात साखरेची भर पडली की आयुष्य आणखी लांबते.

साधी, परवडणारी रीसलिंग एक ते तीन वर्षांत प्यावी. ती ठेवून सुधारत नाही, फक्त तिचा ताजेपणा जातो. चांगल्या मळ्यातील कोरडी वाइन पाच ते दहा वर्षे, जीजी, स्मारागड आणि आल्सासच्या ग्रां क्रू, म्हणजे सर्वोच्च दर्जाच्या, मळ्यांतील वाइन दहा ते वीस वर्षे, क्लेअर व ईडनची नामांकित वाइन दहा ते पंधरा वर्षे टिकते. गोड काबिनेट दिसायला हलकी असली तरी दहा वर्षे सहज काढते. श्पेटलेजे वीस, आउसलेजे तीस वर्षांपर्यंत जाऊ शकते, आणि त्यावरच्या श्रेणी व आइसवाइन यांचे आयुष्य कित्येक दशकांचे असते. हे आकडे ढोबळ आहेत. उत्पादक, हंगाम आणि साठवण यांनुसार ते दोन्ही दिशांना सरकतात, आणि यांतल्या साठवणीला लोक सर्वात कमी महत्त्व देतात.

सहावी पायरी : बाटलीत काय घडते ते समजून घेणे

किण्वनातून आलेले फळांसारखे ताजे गंध पहिल्या एक-दोन वर्षांतच ओसरू लागतात. जागा उबदार असेल तर ते आणखी लवकर जातात. त्यानंतर अनेक दर्जेदार कोरड्या वाइनमध्ये एक मधला काळ येतो, ज्यात फळाचा बहर गेलेला असतो आणि मुरलेपण अजून आलेले नसते. या अवस्थेत बाटली उघडणारा निराश होतो आणि वाइन बिघडली असे समजतो. एकाच वाइनच्या निदान तीन बाटल्या घ्याव्यात, असा सल्ला देण्याचे कारण हेच आहे. एक लगेच उघडावी, दुसरी पाच-सहा वर्षांनी, आणि तिसरीचा मुहूर्त दुसरीची चव पाहून ठरवावा.

पुढे रंग हिरवट पिवळ्यावरून सोनेरी होतो आणि मध, भाजलेला पाव, सुके जर्दाळू, संत्र्याची सुकलेली साल असे गंध येतात. गोड वाइनमधील साखर प्रत्यक्षात कमी होत नाही, तरीही ती वर्षागणिक कमी गोड लागते. वीस वर्षांची श्पेटलेजे जेवणाबरोबर जवळजवळ कोरड्या वाइनसारखी देता येते, आणि माझ्या मते रीसलिंगच्या सर्व रूपांत हे सर्वात मोलाचे आहे.

आता त्या प्रसिद्ध रॉकेलसारख्या वासाविषयी. त्याला कारणीभूत असलेल्या संयुगाला संक्षेपाने टीडीएन म्हणतात. द्राक्षाच्या सालीतील कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांपासून त्याची पूर्वसंयुगे बनतात आणि बाटलीतील आम्लामुळे ती वर्षानुवर्षे सुटी होत राहतात. घडावर थेट ऊन जास्त पडले, हंगाम उष्ण गेला किंवा वेलीला पाण्याचा ताण बसला, तर ते अधिक तयार होते. म्हणून उष्ण प्रदेशातील रीसलिंगमध्ये हा वास दोन-तीन वर्षांतच येऊ शकतो आणि थंड मोझेलमध्ये तो यायला खूप वेळ लागतो. नैसर्गिक बूच हे संयुग काही प्रमाणात शोषून घेते, त्यामुळे स्क्रू कॅपच्या बाटलीत तो अधिक ठळक जाणवू शकतो. या वासावर जितकी चर्चा होते तितकी तिची आवश्यकता नाही. नुसत्या रॉकेलच्या वासावरून वाइन उत्तम मुरली असे ठरत नाही. मध, सुकी फळे आणि जिवंत आम्लता यांच्या जोडीला तो मंदपणे येत असेल तर तो शोभतो, आणि वर्षभराच्या वाइनमध्ये तोच एकटा भपकत असेल तर अनेक उत्पादक स्वतःच त्याला दोष मानतात.

सातवी पायरी : साठवण

जागा अंधारी, स्थिर आणि १० ते १३ अंशांची असावी. तापमान एखाददुसऱ्या अंशाने वर असणे तितके घातक नाही जितके ते रोज वरखाली होणे घातक आहे, कारण प्रसरण-आकुंचनाने बुचाच्या कडेने हवा आत शिरते. आर्द्रता ६० ते ७५ टक्के असावी, म्हणजे बूच सुकत नाही आणि लेबलेही कुजत नाहीत. बुचाच्या बाटल्या आडव्या ठेवाव्यात. स्क्रू कॅपच्या बाटल्या कशाही ठेवल्या तरी चालतात. क्लेअर व्हॅलीतील अनेक उत्पादकांनी २००० सालच्या हंगामापासून एकत्रितपणे स्क्रू कॅप स्वीकारली, आणि तेव्हापासूनच्या बाटल्या चांगल्या मुरल्यामुळे ‘स्क्रू कॅप म्हणजे हलकी वाइन’ हा पूर्वग्रह निदान रीसलिंगपुरता तरी मोडीत निघाला आहे.

प्रकाशाची खबरदारी विशेष घ्यावी. काचेतून आत गेलेला प्रकाश वाइनमधील घटकांवर क्रिया करून शिजलेल्या कोबीसारखा वास निर्माण करतो. रीसलिंगच्या उंच सडपातळ बाटल्या हिरव्या किंवा तपकिरी असतात आणि तपकिरी काच अधिक संरक्षण देते, पण ट्यूबलाइटखाली महिनोन्महिने उभी असलेली बाटली कोणत्याही रंगाची असली तरी घेऊ नये. नेहमीच्या फ्रिजमध्ये काही आठवडे ठेवणे चालते, वर्षे नाही, कारण तिथली हवा कोरडी असते. ३७५ मिलिलिटरच्या अर्ध्या बाटलीत वाइनच्या मानाने हवेचे प्रमाण जास्त असते, त्यामुळे ती पूर्ण बाटलीपेक्षा लवकर मुरते. ज्याला मुरलेल्या वाइनची चव लवकर पाहायची आहे त्याने तिचा उपयोग करून घ्यावा.

जुनी जर्मन बाटली घेताना लेबलवरील सरकारी चाचणी क्रमांक पाहावा. त्याचे शेवटचे दोन अंक वाइन कोणत्या वर्षी तपासली गेली ते दाखवतात. हंगामानंतर फार वर्षांनी तपासली असेल तर ती उत्पादकाकडेच दीर्घकाळ पिंपात किंवा टाकीत राहिली असा अर्थ निघतो. बाटलीतील वाइनची पातळी मानेच्या खाली बरीच उतरलेली असेल किंवा बुचाभोवती चिकट ओघळ असेल, तर किंमत कितीही मोहात पाडणारी असली तरी ती सोडून द्यावी.

आठवी पायरी : जुनी बाटली आणि उरलेली वाइन

वीस वर्षांहून जुनी बाटली आदल्या दिवशी उभी करून ठेवावी, म्हणजे गाळ तळाशी बसतो. जुने बूच भुसभुशीत झालेले असते आणि मळसूत्री काट्याने त्याचे तुकडे होतात. दोन पातळ पाती असलेला बूचकाढा कडेने सरकवून, हलके फिरवत बूच ओढावे. अशी वाइन सुरईत घालू नये. उरलेला नाजूक गंध तासाभरात उडून जाऊ शकतो, म्हणून ती बाटलीतूनच सावकाश ओतावी आणि पहिल्या घोटाला कुबट वाटली तरी पेल्यात दहा मिनिटे थांबावे. अनेकदा ती तेवढ्या वेळात सावरते. रंग गडद तपकिरी असेल आणि वास नुसता कापलेल्या काळवंडलेल्या सफरचंदाचा येत असेल, तर मात्र थांबून उपयोग नाही.

उघडलेली कोरडी रीसलिंग घट्ट बंद करून फ्रिजमध्ये उभी ठेवल्यास तीन ते पाच दिवस चांगली राहते, गोड काबिनेट व श्पेटलेजे आठवडाभर, आणि बेरेनआउसलेजेपासून पुढच्या वाइन दोन आठवडेही टिकतात. निम्मीच प्यायची आहे हे आधीच ठरले असेल, तर बाटली उघडताक्षणी अर्धी वाइन स्वच्छ धुतलेल्या ३७५ मिलिलिटरच्या स्क्रू कॅपच्या बाटलीत काठोकाठ भरून झाकण लावावे. आत हवेला जागा न राहिल्याने ती उघड्या बाटलीतल्या वाइनपेक्षा कितीतरी दिवस अधिक ताजी राहते. मुरलेल्या जुन्या बाटलीला मात्र ही युक्ती लागू पडत नाही, ती त्याच दिवशी संपवावी.